आधी उठलेले डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अक्कांना ओळखत नाही, म्हणून असेल.

अक्का माझ्या वरिष्ठ. फळझाडांवरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी मी पुण्याहून बंगळुरूला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मॅडम-बिडम घरी ठेवायचं. अक्का म्हण." बनशंकरीतलं त्यांचं मराठी घर फार जुनं. बोलताना मध्येच कानडी यायचं, 'जरा'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी', आणि ते त्यांच्या गावीही नसायचं. मला भाड्याची खोली त्यांनी बघून दिली, तापात मऊ भात आणून भरवला. अशा बाईशी मी — थांबा, आधी डाळिंबाचं सांगते.

डाळिंबाला तेल्या होतो. पानावर तेल सांडावं तसा डाग पडतो, पसरतो, पुढे फळं तडकतात. जिवाणूंचा रोग, फवारून फवारून माणूस थकतो. अक्कांचं म्हणणं एकच — झाडालाच लढता आलं पाहिजे, ते त्याच्या रक्तात हवं. म्हणून त्यांनी डोंगरातल्या एका आंबट, रानटी डाळिंबाचं आपल्या गोड डाळिंबाशी लग्न लावलं. लग्नच म्हणायच्या त्या, संकर कधीच नाही. रोपं वाढली, त्यांच्यावर मुद्दाम तेल्याचे जिवाणू फवारले, आणि नेमकं तेव्हाच अक्कांना लेकीच्या बाळंतपणासाठी म्हैसूरला जावं लागलं. जाताना रोपांकडे बघत म्हणाल्या, "मी येईपर्यंत एकाही पोराला हात लावू नकोस हं."

मी लावला.

दुसऱ्याच सकाळी एका रोपाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले. बाकीची सगळी हिरवीगार. मला वाटलं, फवारलेला तेल्या इतक्या लवकर दिसत नाही, म्हणजे हे रोप आधीपासूनच रोग घेऊन बसलंय; आता सगळी चाचणी नासवणार. केवढी हुशार मी! उपटलं, जाळलं. अक्कांना साधा फोनही केला नाही. आल्यावर शाबासकी मिळेल, असं वाटत होतं.

मग बाकीच्या प्रत्येक रोपावर तेलकट डाग पसरले. त्या जाळलेल्या रोपाचं एक पान मी तपासायला फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ठिपका कोरडा ठणठणीत, भोवती स्वच्छ हिरवं. डाग कापून पाण्यात ठेवला, तरी जिवाणू बाहेर येईनात. कळलं ना? त्या रोपानं शत्रू ओळखला होता! ओळखायचं जनुक त्याला रानटी आईकडून मिळालं असणार. जिवाणू शिरले तिथल्या आपल्याच चार पेशी त्यानं मारून टाकल्या, त्यांना पुढे वाट उरू नये म्हणून. म्हणून तर त्याचे डाग आधी उठले. हे मला शिकवलेलं होतं हो, परीक्षेत मी लिहिलंही होतं. सगळ्या रोपांत तसं ते एकच. त्याची फांदी लावून हवी तितकी झाडं करता आली असती, आणि मी एक काडीसुद्धा ठेवली नव्हती.

इथवर ती चूकच. चूक कुणाकडूनही होते. मला सांगायचंय ते पुढचं.

अक्का परत आल्या. तोवर सगळीच रोपं जाळायची झाली होती. एक कुंडी कमी आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? त्यांनी विचारलं, "एकही नाही गं टिकलं?" आणि मी म्हणाले, "नाही अक्का. एकही नाही."

भीती कसली होती? नोकरी जाणार नव्हती. त्या रागावल्या असत्या — पण त्यांचा राग टिकतो किती? मला फक्त त्यांच्या मनातली माझी जागा घालवायची नव्हती. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, वेडी रोपांसाठी रडतेय. त्यांनीच मला जवळ घेतलं, आपल्या डब्यातलं चित्रान्न माझ्यापुढे सरकवलं, आणि मी — मी ते खाल्लं. सगळं.

अक्का आता निवृत्त आहेत. ते लग्न पुन्हा कुणी लावलं नाही. त्या जोडीत दम नाही, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी लावू शकले असते. पण मग कशाला लावतेस, तेही सांगावं लागलं असतं ना?

परवा त्यांच्याकडे गेले होते. कोथिंबीर निवडता निवडता त्या एकदम म्हणाल्या, "माझंच चुकलं बघ. जोडी मीच चुकीची जमवली. उगाच जन्माला घातलं त्या पोरांना." माझा जीव तुटला, खरंच तुटला. आईइतकी माया आहे माझी त्यांच्यावर. एवढंच म्हणायचं होतं — अक्का, जोडी बरोबर होती तुमची.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अक्का, जाऊ द्या ना आता."

"सरी," त्या म्हणाल्या. आणि मी सांगितलं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.