काकांचा महागडा तास

पंपांच्या कारखान्यात कुठला भाग स्वतः बनवायचा आणि कुठला विकत आणायचा, ते आमची काकू ठरवते. काका तिथेच लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर आहेत. घरी बायको आणि कामावर साहेब एकच, तरी काका टिकून आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं.

लेथचे तास मोजके आणि तिथे होणारे भाग दोन: शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, आणि बुश, म्हणजे तो दांडा ज्यात फिरतो ती कडी. दोन्ही आपणच करायला गेलं की पंप रखडायचे. म्हणून काकूने खर्च, मागणी, तास यांची समीकरणं मांडली आणि लिनियर प्रोग्रॅमिंग करून कॉम्प्युटरकडून सगळ्यांत स्वस्त पडणारी वाटणी काढली. ती फळ्यावर लागली. पहिलीच ओळ होती, बुश: आपल्याकडे शून्य, बाहेरून सगळे.

बुश म्हणजे काकांचा जीव की प्राण. उमेदवारीत हात बसला तो बुशवरच. त्यांना वाटलं, बायकोने आपल्याला शून्य मार्क दिले! पुढची ओळ वाचायला ते थांबलेच नाहीत. घरी आले ते तोंड फुगवून. मीठ हवं असलं तरी "तुझ्या काकूला सांग" असं मला म्हणायचे. मला हसू आवरेना, पण काकू रडवेली झाली होती. लग्नाआधी तिला आवडला होता तो हाच बुश करणारा हात.

सकाळी काकांनी तिच्या टेबलावर दोन बुश आपटले. मी तिथेच स्टोअरमध्ये कामाला, खिडकीतून बघतच होतो.

"हा माझा, हा बाहेरचा. मोज."

काकूने मायक्रोमीटर लावला. "तुमचाच सरस."

"मग शून्य कसलं?"

"अहो, बाहेरच्या बुशवरही पंप नीट चालतो. शाफ्टचं काय? बाहेरचे निम्मे वाकडे निघतात, परत पाठवावे लागतात. तुमचा तास बुशवर गेला की तेवढे शाफ्ट बाहेरून आणायचे. कॉम्प्युटर म्हणतोय, अख्ख्या कारखान्यात सगळ्यांत महागडा तास तुमचा आहे."

काकांचे कान लाल झाले. "हे फळ्यावर का नाही लिहिलंस?"

"दुसरी ओळ वाचली असतीत तर कळलं असतं. शाफ्ट: सगळे आपल्याकडे."

त्या दिवशी काका लेथवर शीळ घालत होते. संध्याकाळी भांड्यांची पाळी त्यांची, तर स्वारी खुर्चीत पाय पसरून बसली. "एवढा महागडा तास भांड्यांवर घालवू?"

काकूने फडकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. "तास महाग कधी? काम जास्त आणि वेळ कमी असेल तेव्हा. रिकाम्या तासाची किंमत शून्य."

या शून्यावर मात्र काका खो खो हसले, आणि बाह्या सरसावून उठले.