दंडातला उंदीर

घणदादांच्या उजव्या हाताचं प्लास्टर काढलं, तेव्हा आतून निघालेला हात त्यांना आपला वाटेना. उभी हयात घण मारलेला दंड वाळल्या शेंगेसारखा झाला होता.

बायकोने तोंडावर सांगितलं, "महिनाभर कसरत करा. वर्कशॉपचं शटर एकट्याने उचललंत तर तुमची भट्टी तुम्हाला. नाही तर तो वेल्डर जागा मागतोय, त्याला देऊन टाकू."

"कबूल."

रोज सकाळी दादा पाण्याने भरलेला डबा उचलत. डबा अर्ध्यात टेकला तर ती खेप धरत नसत. दुपारी लेक दंडाला तेल चोळी. ती कॉलेजात भाषा शिकवायची. लहानपणी ती भट्टीपाशी येऊन ओरडे, "बाबा, बेडकुळी!" दादांनी मूठ आवळली की दंडावर टणक गोळा उठे आणि ती त्याला लोंबकळे. भात्याचा सुस्कारा, लाल लोखंडाची धग, कोळशाने माखलेला फ्रॉक आणि घरी आईचा धपाटा.

"बाबा, इंग्रजीतला 'मसल' कुठून आला, माहितीये?"

"खुराकातून."

"लॅटिनमधून! तिथे अर्थ होता छोटा उंदीर. कातडीखाली पळतो ना, म्हणून. ग्रीक लोकही उंदराला आणि स्नायूला एकच शब्द वापरत. आणि त्या लॅटिन उंदराचं नि संस्कृतातल्या मूषकाचं मूळ घराणं एकच."

"त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. माझ्या दंडात सध्या दोन्ही मेलेत."

"मूठ आवळा." तिने बोट टेकवलं. "हलतोय!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मग मांजर सोडू का?"

महिना भरला. तिघं वर्कशॉपवर गेली. शटर गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं आणि अडलं. दंड थरथरू लागला. बायको पुढे झाली.

"हात लावू नकोस."

वर जाईना. सोडलं असतं तर धाडकन आपटलं असतं. दादांनी ते वीत-वीत खाली आणलं आणि जमिनीला टेकवलं. आवाज झाला नाही.

त्यांनी किल्ली बायकोपुढे धरली. "वेल्डरला बोलाव."

"अहो, मी मेली सहज बोलले होते. अजून महिनाभर बघा की."

"बोली ती बोली." दादांनी कपाळ पुसलं. "ऐरण मात्र जागची हलवायची नाही, म्हणावं. तिच्याखालचा ओंडका मी बसवलाय."