गाढवावरून येणारा राजा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. पण आक्कांबद्दल लिहायचं राहून जाऊ नये असं वाटतं.

मिरजेच्या आमच्या चर्चमध्ये आक्का बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. जुने संदेष्टे आमच्याच गल्लीत राहतात असं त्यांचं बोलणं. “यशया लय रडवतो बाई. मीखाचं बोलणं थोडकं. राजा कुठं जन्मणार ते त्यानं कितीतरी आधी सांगितलं, अन् गाव सांगितलं तेबी केवढं? बेथलेहेम! आपल्या आटपाडीपुढं बारकं.” तो राजा म्हणजे येशू, हे सांगताना त्या चष्मा काढून ठेवायच्या. तेवढ्यासाठी त्यांना पुस्तक लागत नसे.

माझे वडील, आबा, एकही रविवार चुकवत नसत. फक्त झावळ्यांच्या रविवारी, येशू शहरात आला त्या आठवणीच्या सणाला, दार लावून घरी बसायचे. त्या दिवशी जखऱ्या संदेष्ट्याचं वचन वाचतात, की राजा नम्रपणे गाढवावर बसून येतो. आबा का येत नाहीत, असं आक्कांनी एकदा विचारलं. भाकरी थापता थापता मी खालमानेनं सांगितलं. मी चौथीत असताना आटपाडीकडच्या आमच्या गावानं आबांवर विहिरीची मोटार चोरल्याचा आळ घेतला आणि गाढवावरून त्यांची धिंड काढली. मोटार पुढं मालकाच्या भावाकडेच सापडली. तोवर आम्ही गाव सोडलं होतं.

 दुसऱ्या दिवशी आक्का गुडघे धरत परत आमच्या घरी आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

“आबा, तुमाला लोकांनी बळंच बसवलं. माझा राजा आपल्या मर्जीनं बसला. का बसला असंल?”

“आवं आक्का, त्यो देव हुता. मी चोर ठरलो हुतो.”

“त्यालाबी चोरांतच मोजलं की! यशया सांगून गेलाय. तुमच्या ठिकाणी येऊन बसला त्यो.”

आबा उठून परसात गेले. आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जाऊ दे. चहा टाक.”

त्या वर्षी चर्चच्या तरुणांनी झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीसाठी वरातीची घोडी आणली, गोंडे-बिंडे लावलेली. आक्का फाटकात आडव्या आल्या. “हिच्यावर नवरदेव बसवा. जखऱ्यानं घोडी न्हाई सांगितली.”

“आक्का, गाढव बघून लोक हसतील. व्हिडिओ काढतील.”

“मग हसत्यात तर हसू द्या रं. राजा तसाच आला.”

वाद चालू असतानाच वीटभट्टीच्या रस्त्यानं आबा आले. हातात दोरी, मागं गाढव. त्यांना कुणीही पाठवलं नव्हतं. गाढवाच्या पाठीवर त्यांनी आपली लग्नातली शाल अंथरली होती. वाद तिथंच थांबला. मग आक्कांनीच राजाचा जयघोष केला, “होसान्ना!” आणि पोरांनी झावळ्या उचलल्या. बाजारातून आबा गाढव घेऊन गेले. लोक हसले, काहींनी व्हिडिओही काढले. आबांनी मान खाली घातली नाही.

पुढच्या नाताळाआधी आक्का गेल्या. त्यांच्या मातीला आबांनी शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.

यंदा भाचीच्या लग्नाला आबा गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच गावी गेले. मी सोबत होते. मागच्या वाटेनं जाऊ, असं मी म्हटलं. ते एसटीतून उतरले आणि सरळ चौकात गेले. तिथल्या टपरीच्या बाकड्यावर ऐसपैस बसले. जुनी माणसं बघत होती.

“दोन चहा दे रं,” आबा मोठ्यानं म्हणाले, “आन् ह्या मंडळींनाबी इचार.”