बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा

दोन साडू एकत्र बसले की सासरची धुणी धुतात, असा जगाचा समज आहे. आम्ही दोघे मात्र बसलो की प्रिंटरवर बोलायचो. म्हणजे तो बोलायचा आणि मी ऐकायचो. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ गप्प दुसऱ्या कुणासमोर बसलेलो नाही.

साडू नर्सिंग कॉलेजात कारकून. सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत, कारण शर्टाच्या खिशातून ती कायम डोकावत असायची. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा आला तेव्हा बसायच्या आधी त्याने भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो सरळ केला. सासरे खालीच बसले होते. म्हणाले, "जावईबापू, कंबर धरलीय. जमलं तर मलाही करा."

असा नाकासमोर चालणारा माणूस. सहा वर्षं तो 'प्रभारी मुख्य लिपिक' होता. प्रभारी म्हणजे काम मुख्य लिपिकाचं आणि मान कारकुनाचा. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव मुख्यालयात संचालकांच्या सहीसाठी पडला होता, आणि निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. चार पैसे वाढले असते तर त्याने परत केले नसते, पण त्याचा जीव अडकला होता तो 'प्रभारी' या शब्दात. तो शब्द एकदा गळून पडावा, एवढंच.

अशात कॉलेजचा सगळा कारभार मुख्यालयातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर गेला. टेबलावरचा पडदा साडूचा, पण आत दिसायचं ते दोनशे मैलांवरच्या यंत्राचं पोट.

मी विचारलं, "मग छापलेला कागद निघतो कुठे?"

"तिथंच तर मेख आहे, साडूभाऊ!"

छापा म्हटलं की प्रिंटरांची यादी यायची आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा असायचा. लाइन तुटून पुन्हा जोडली की आकडा बदलायचा. आपला ओळखून निवडला तर कागद शेजारच्या प्रिंटरमधून यायचा, चुकला की थेट मुख्यालयात. एकदा प्राचार्यांचा आजारपणाच्या रजेचा अर्ज असाच संचालकांच्या खोलीत निघाला. प्राचार्य तेव्हा संचालकांच्याच समोर बसून चहा पीत होते!

पण खरा त्रास दुसराच. एवढ्या लांबून येता येता मजकूर अर्धं बोट डावीकडे सरकायचा. साध्या पत्राला काय फरक पडतो? पण पदवीची प्रमाणपत्रं जाड कागदाची, आधीच छापलेली, प्रत्येकावर क्रमांक. त्यावर फक्त नाव आणि गुण उमटवायचे. ते नाव बरोबर 'श्रीमती' या शब्दावर चढून बसायचं.

साडूने मुख्यालयाला पत्र लिहिलं. एक नाही, अकरा लिहिली. फोनवर तिथल्या कॉम्प्युटर साहेबांचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे बरोबर येतं. तुमचाच प्रिंटर म्हातारा झालाय."

त्यांच्याकडे बरोबर येणारच, त्यांचा प्रिंटर त्या यंत्राला चिकटूनच होता.

शेवटी साडूने फूटपट्टी काढली. मोजलं आणि कागद ठेवायच्या खणात उजव्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी डिंकाने चिकटवली. कागद तेवढा डावीकडे सरकला, मजकूर आपोआप जागेवर आला. पुठ्ठा कुठला, तर प्राचार्यांच्या नव्या बुटांच्या खोक्याचा. त्यांनी स्वतः आणून दिला होता. म्हणाले होते, "तुम्ही आहात म्हणून हे कॉलेज चालतंय हो!" दोन वर्षं त्या पट्टीवर प्रमाणपत्रं निघाली. रोज सकाळी साडू आधी कोऱ्या कागदावर छापून बघायचा, फूटपट्टीने मोजायचा, मगच खरा कागद लावायचा.

पदवीदान दुसऱ्या दिवशी होतं. एकूण एकशे बावन्न प्रमाणपत्रं. सकाळी साडूने चाचणी घेतली, चाळीस छापली, सगळी नीट. दुपारी लाइन तुटली. जोडल्यावर त्याने नवा आकडा दोनदा वाचला, आपलाच प्रिंटर असल्याची खात्री केली आणि उरलेली सगळी सोडली. पहिला कागद बाहेर येईपर्यंत तो तिथेच थांबला असता, पण प्राचार्य दारातून ओरडले, "अहो, पाहुण्यांच्या खुर्च्या कुणी मोजायच्या? मी?"

तो खुर्च्या मोजायला वर गेला. परत आला तेव्हा एकशे बारा कागद पडले होते. प्रत्येकावर नाव उजवीकडे सरकून फोटोच्या चौकटीत घुसलेलं.

झालं असं होतं की लाइन तुटली त्याच वेळात मुख्यालयाने ती जुनी चूक दुरुस्त केली होती. दोन वर्षांनी त्यांना जाग आली, आणि तीही त्या दुपारी! तसं परिपत्रक आदल्या दिवशी प्राचार्यांना गेलं होतं. प्राचार्यांनी ते उघडलंच नव्हतं. मजकूर सरळ झाला आणि पट्टी मात्र तिथेच राहिली.

समारंभात एकशे बारा मुलींना रिकामी पाकिटं दिली. फोटो काढताना त्या हसल्या, एवढंच काय ते बरं.

आठवड्याने कॉम्प्युटर साहेब चौकशीला आले. त्यांनी खण उघडला आणि दोन बोटांत धरून पट्टी उचकटली, मेलेली पाल धरावी तशी.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा."

"यंत्रात पुठ्ठा? कुणाच्या परवानगीने?"

साडूने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीबाहेर झाडं मोजत होते. मग साडूने अकरा पत्रांची फाईल पुढे ठेवली. साहेबांनी ती शांतपणे वाचली. म्हणाले, "पत्रं बरोबर आहेत. पण एकाही पत्रात पुठ्ठ्याचा उल्लेख नाही."

"तुम्ही दुरुस्त केलं असतं तर पुठ्ठा लागलाच नसता, साहेब."

"दुरुस्त केलंच ना? म्हणून तर तुमची लबाडी उघडी पडली."

लबाडी! ज्या माणसाने कॉलेजची टाचणीही घरी आणली नाही, त्याला! मी घरी आरडाओरडा केला, म्हटलं चल, मी येतो प्राचार्यांकडे, त्यांना विचारतो बूट कितीला घेतले. साडू म्हणाला, "बसा हो. पुठ्ठा मीच घातला ना? खोटं काय लिहिणार ते?" अहवालात आलं, 'स्थानिक कर्मचाऱ्याने यंत्रात अनधिकृत फेरफार केल्याने संस्थेची नाचक्की झाली.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी पुस्तकात वाचली होती, बघितली तेव्हाच. दुरुस्ती केल्याबद्दल साहेबांचं मात्र मुख्यालयात कौतुक झालं.

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडू कामावरून आला, चपला काढल्या, फूटपट्टी खिशातून काढून खिडकीत ठेवली आणि बसला. मेहुणीने चहा दिला.

"मुख्य लिपिकाचा आदेश आला," तो म्हणाला.

मेहुणी उभीच राहिली. "मग?"

"मुख्यालयातला एकजण येतोय. सोमवारपासून. मी परत साधा कारकून."

"कागद बघितलात? का नुसतं ऐकलंत कुणाकडून?"

"बघितला. मीच छापला."

मी तोंडातला चहा कसाबसा गिळला. मेहुणीला आधी कळलंच नाही. मग तिचा आवाज चढला, "तुम्ही छापलात? स्वतःच्या हाताने? एवढा कसला हो तुमचा प्रामाणिकपणा? सांगायचं होतं, लाइन नाही, प्रिंटर बिघडलाय, काहीही! भावजी, तुम्ही तरी बोला ना यांना!"



साडूने बशीतला चहा फुंकला. म्हणाला, "दोन प्रती मागितल्या होत्या. तीन काढल्या. एक मला लागेल, सहीनिशी पोच द्यायचीय."