नाकमामांची तपासणी

नाकमामांचं खरं नाव पगारपत्रक सोडून कुठेच उरलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं द्राक्षमळ्यात औषध फवारणारा हा माणूस वाईनरीतल्या टाकीचं झाकण उघडताच नुसत्या वासावरून वाईन कुठवर आली ते सांगायचा, म्हणून हे नाव. आणि आता गंमत ऐका, त्या नाकाला गेली पाच वर्षं कशाचाच वास येत नव्हता! घरी दूध करपून पातेलं काळं झालं, तरी मामा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होते. बायकोला तेव्हा कळलं, पण तिला शपथ घातलेली. वाईनरीत कुणी पेला पुढे केला की मामा डोळे मिटून हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं थांबा." थांबलं म्हणून कुठली वाईन बिघडते? मामा एकदाही चुकले नाहीत.

मग ते दाखल्याचं आलं. माती, पाणी आणि माणसं जपून वाईन केली असा शिक्का बाटलीवर हवा, तर तपासनीस मळा बघणार आणि एकेका कामगाराशी वेगळं बोलणार. फवारणीचा ज्याला त्रास झाला असेल त्याची फवारणी बंद. मामा मनाशी म्हणाले, फवारणी गेली, नाक गेलं, तर मग आपण राहिलो कोण?

तपासनीस बाई मवाळ होत्या. पॅकिंगच्या खोलीत खोक्यावरच बसल्या.

"मास्क लावता?"

"आहे की. कपाटात. अगदी कोरा," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंनी हसू दाबलं. "खोकला, डोळ्यांची जळजळ, वास न येणं, असं काही?"

"छे, ठणठणीत आहे."

बाईंनी कागदावर खूण केली. मामांचा जीव भांड्यात पडला.

"फवारणीचा ट्रॅक्टर कोण चालवतं?"

"माझी लेक. मीच शिकवलं. माझ्यापेक्षा सरस हात आहे तिचा."

"आणि ती मास्क लावते?"

"ती माझंच बघून शिकली ना. म्हणते, बाबांना काही झालं नाही, मग मला काय होतंय."

लेकीचं हे बोलणं मामांनी शंभरदा हसण्यावारी नेलं होतं. आज ते स्वतःच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना हसू आलं नाही. आपल्या खोटेपणाची त्यांना इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"मघाचं खोडा, बाई," ते म्हणाले. "पाच वर्षं मला वास येत नाही. कशाने गेला ते डॉक्टर बघतील. पण आधी तिला तपासा."

बाईंनी खोडून लिहिलं आणि दोघं बाहेर आली. लेक फवारणीची टाकी धूत होती. औषधाचा भपकारा एवढा की बाईंनी चटकन रुमाल नाकाला लावला.

मामा लेकीजवळ गेले. "वास येतोय का गं तुला?"

"कसला, बाबा?" तिने मान वर न करताच विचारलं.

मामांनी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला.