दिवसा आडवं पडायची लाज

डॉक्टरांनी मला तीन आठवडे पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितलं आणि मी त्या तीन आठवड्यांत वर्षाची वाळवणं उरकायला काढली. आज हे नातीला सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट भर एप्रिलात रजा, कडक ऊन आणि सोसायटीची गच्ची मोकळी, असा योग कुठे येतो? चिठ्ठी घेऊन दवाखान्यातून निघाले ती थेट वाण्याकडे गेले. एका हातात गोळ्यांची पुडी, दुसऱ्या हातात गहू, साबुदाणा आणि उडदाचं पीठ. अशी मी शहाणी.

रजा कशाला लागली, तेही सांगते. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा एक मावशी यायची. मी घाटकोपरच्या ऑफिसातून नाहूरला घरी पोचले की ती पायात चप्पल घालूनच दार उघडायची. तिथून सकाळपर्यंत माझी पाळी. सासूबाईंना हाक मारायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांच्या उशाशी वाटी-चमचा ठेवला होता. काही हवं असलं की त्या वाजवायच्या. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की ऑफिसात कुणी कपात साखर ढवळली तरी मी खुर्चीतून अर्धी उठायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे.

फेब्रुवारीत त्या गेल्या. भेटायला आलेले म्हणायचे, सुटल्या बिचाऱ्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, तूही सुटलीस गं. मला रडू आलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. दिवसकार्य झाल्यावर ऑफिसात हजर झाले, आणि एक दिवस एका कागदावर सही करताना माझं नाव कुठल्या अक्षराने सुरू होतं तेच आठवेना. पेन टेकवून बसून राहिले. झोप तर कधीचीच गेली होती. छाती उगाच धडधडायची. जेवणाला चव नव्हती आणि आनंद, दुःख दोन्ही सारखेच अळणी.

डॉक्टर म्हणाले, सासूबाई गेल्या हे तुमच्या शरीराला अजून कळलेलं नाही, ते अजून पहाऱ्यावरच आहे. काही करू नका, पडून राहा.

आता पडून राहा म्हणजे काय? दिवसा आडवी झालेली बाई एक तर बाळंतीण असते नाहीतर आळशी, एवढंच मला माहेरी शिकवलं होतं. बाळंतीण व्हायचं वय गेलं होतं.

कुरडयांचा चीक शिजवत होते, तेव्हा लेक स्वयंपाकघरात धावत आली. ती आमची एकुलती एक. अंधेरीच्या एका कंपनीत तिला पहिली नोकरी लागली होती. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी वाचलं. सगळे शब्द कळले. मग म्हणाले, "बरं झालं. ते ताट जरा इकडे सरकव."

तिने ताट सरकवलं आणि गेली. पेढे तिच्या बाबांनी आणले. त्यानंतर ती सगळं त्यांनाच सांगायला लागली. रुजू कधी व्हायचं, मेट्रोने जायचं की बसने, कपडे कुठले घ्यायचे. माझ्याशी फक्त जेवलीस का आणि गोळी घेतलीस का, इतकंच. तेही नर्ससारखं. मला ते दिसत होतं. पोरगी हातातून निसटतेय, हेही कळत होतं. पण टोचत नव्हतं. टोचत नाही याची तरी भीती वाटावी, तर तीही वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. राखणीला मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले, मांडीवर काठी घेऊन. लेक जेवायला बोलवायला वर आली आणि दारातच थांबली.

"आई, कावळे खातायत."

"हो, बघतेय ना मी."

खरंच बघत होते. पाच-सहा कावळे ओळीने, अगदी पंगतीला बसल्यासारखे. काठी उचलावी असं डोक्यात येत होतं, हातापर्यंत पोचत नव्हतं. लेकीने कावळे हाकलले. मग तापलेल्या फरशीवर माझ्यासमोर उकिडवी बसून ती माझा चेहरा बघत राहिली. उठून तिने ओल्या पापड्या चादरीसकट गुंडाळल्या, खाली नेल्या, सोऱ्या माळ्यावर फेकला. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न तिनेच विचारले. रजा वाढली.

मग मी खरोखरच पडून राहिले. म्हणजे राहायला शिकले. पहिले काही दिवस बेल वाजली की मी पलंगावरून उडी मारून केरसुणी हातात घ्यायचे आणि मगच दार उघडायचे. भरदुपारी लोळताना कुणी पकडलं तर! शेवटी शेजारीण म्हणाली, रजेवर असून किती झाडतेस गं, फरशी झिजेल. आमचे हे रोज खिचडी करायचे आणि रोज विचारायचे, कशी झालीय. मला चव कळत नव्हती, म्हणून मी रोज छान म्हणायचे. इतका सुखाचा संसार आमचा आधी कधी झाला नव्हता.

झोप मात्र येत नव्हती. खिडकीतून डोंगर बघायचा, पंखा बघायचा, परत डोंगर. कान तेवढे जागे.

लेक कामावर रुजू होऊन दोनेक आठवडे झाले असतील. रविवारी दुपारी मी तिला हाक मारली आणि म्हटलं, तुझ्या ऑफिसातलं काहीतरी सांग. माया दाटून आली होती असं नाही. आईने विचारायला हवं, एवढं आठवलं होतं. तिने आधी संशयाने बघितलं. मग पलंगाच्या कडेला बसून सांगायला लागली. तिची खुर्ची बरोबर एसीखाली होती. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई होती, ती हिला सारखी कामं चिकटवायची आणि वर डब्यातली भाजीही उचलायची. मी मनाशी ठरवलं होतं, योग्य त्या जागी "हो का" म्हणायचं. दोनदा म्हटलंही. त्या बाईने भाजी नेमकी कुठली उचलली, ते काही मला कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकून कपाटावर गेलं होतं. उशी लाळेने ओली. घड्याळात साडेपाच. पोरीने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि मी चक्क झोपले. पोटात धस्स झालं. पोटात काही होऊनसुद्धा कितीतरी महिने झाले होते.

ती तिथेच होती. खाली जमिनीवर, कपाटाला टेकून, पाय पसरून मोबाइल बघत. मी धडपडत उठायला लागले. ऐकत होते गं मी, ती तुझी बाई, ती भाजी, असं काहीतरी बरळले. तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली,

"सोड ना आई. मस्त घोरत होतीस. चमचा पडला माझ्या हातून, तरी उठली नाहीस. त्या बाईचं काय, ती उद्या पण भाजी उचलणारच आहे. उद्या सांगते."