न दाखवलेली अटक

ती घटना आठवायला मला स्टेशन डायरी चाळावी लागत नाही, कारण डायरीत ती नाहीच. तीन दिवस एक माणूस माझ्या ठाण्यात बसून होता आणि सरकारी कागदांप्रमाणे तो तिथे कधी आलाच नव्हता.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिल संपत आला होता. जयंतीचा बंदोबस्त नुकताच उरकला होता आणि माझी माणसं थकून गेली होती. सकाळी अकराच्या सुमारास केंद्राच्या एका तपास यंत्रणेतल्या अधिकाऱ्याचा फोन आला. दिल्लीतलं एक कार्यालय उडवून देण्याची धमकी कुणीतरी मोबाइलवरून पाठवली होती, आणि ते सिम माझ्या हद्दीतल्या एका माणसाच्या नावावर होतं. साहेब म्हणाले, "उठा लो. हमारी टीम आने तक बैठा के रखो. अभी दिखाना मत."

खात्याबाहेरच्या वाचकांसाठी हे 'दाखवणं' काय असतं ते सांगतो. अटक दाखवली की घड्याळ सुरू होतं. डायरीत नोंद करा, कारण सांगा, घरच्यांना कळवा, वकील भेटू द्या आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. संविधानाने हे घड्याळ दिल्लीच्या हातात दिलेलं नाही आणि ठाणेदाराच्याही नाही. म्हणून आमच्या लोकांनी वाट काढली, माणसाला नुसतं 'बसवून ठेवायचं'. बाक तोच, दारावरचा शिपाई तोच, फक्त अटक नाही. नोकरीत मी कितीतरी लोकांना असं बसवलं होतं आणि त्यापायी माझी एकदाही झोप उडाली नव्हती.

हा माणूस म्हणजे नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावरचा कंत्राटी पंपचालक. पन्नाशी उलटलेली. बुद्धविहाराच्या समितीचे सचिव आणि आमच्याच शांतता समितीचे सदस्य. समितीच्या बैठकीत मी त्यांना 'नाना' म्हणायचो, चहाचा कप स्वतः पुढे करायचो. त्या दिवशी हवालदाराने त्यांना पंपावरून उचलून आणलं आणि पहिल्याच वाक्याला मी 'तू'वर आलो. त्यात काही खटकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

"हे सिम तुझं आहे."

"नाही साहेब."

"कंपनीकडे तुझे कागद आहेत."

"कागद असतील. सिम माझं नाही."

तासभर हेच चाललं. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, मध्येच नवी माहिती देतो, देवाच्या शपथा घेतो. नाना तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला हे कळत होतं, तरी मी त्यांना बसवून ठेवलं.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन आली. तिने आधी ठाणे अंमलदाराला विचारलं, मग थेट माझ्या टेबलासमोर उभी राहून अहिराणीत म्हणाली, "त्यासले धरेल शे का?"

"नाही अक्का, नुसती चौकशी आहे."

"मंग घर लई जाऊ?"

"चौकशी झाली की पाठवतो."

"धरेल शे ते कागद द्या. नही धरेल शे ते माणूस द्या."

अटक असेल तर कागद, नसेल तर माणूस. एवढा सरळ कायदा मला प्रशिक्षणातही कुणी शिकवला नव्हता. मी फायलीत डोकं घातलं आणि महिला शिपायाला खूण केली. तिने बाईंना बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीची दोन माणसं आली आणि विश्रामगृहावर उतरली. त्यांनी नानांना दिवसभर तेच प्रश्न विचारले, हिंदीतून. सकाळी साडेअकराला नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, "साहेब, चोवीस तास झाले."

मी म्हणालो, "तुला अटक कुठं केलीय?"

पोलीस हा राज्याचा विषय आहे. 'लेखी पत्र द्या, अटक दाखवू द्या, मग न्या' एवढं मी त्या दोघांना म्हणालो असतो, तर कायद्याने माझ्या केसालाही धक्का लागला नसता. पण वरून दोनदा फोन आला होता, 'सहकार्य करा'. मी सहकार्य केलं. इकडे गावात पाणी सोडायची पाळी चुकली, आणि नळ कोरडे का, याची बोंब कंत्राटदारापर्यंत पोचली.

तिसऱ्या दिवशी कंपनीकडून सिमचा मूळ अर्ज आला. सोबत नानांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती आणि तिच्या मधोमध एक पांढरा पट्टा होता. व्हाइटनर लावलेला. मी कागद खिडकीशी धरला. पट्ट्याखाली तिरक्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं दिसत होतं, 'केवळ शांतता समिती ओळखपत्रासाठी', खाली सही.

नानांची ही जुनी सवय होती. कुठेही झेरॉक्स दिली की ती कशासाठी दिली हे त्यावर आडवं लिहायचं. बैठकीत बाकीचे त्यांना यावरून चिडवायचे. म्हणजे हा कागद त्यांनी फक्त एकाच ठिकाणी दिला होता. माझ्या ठाण्यात.

गोपनीय शाखेच्या कपाटातली समितीची फाइल काढली. बाकी सगळ्यांच्या झेरॉक्स होत्या, नानांची नव्हती. संबंधित शिपायाला समोर घेतलं. त्याने कबूल केलं की ठाण्याचं मशीन बंद होतं, म्हणून सगळा गठ्ठा जादा प्रती काढायला समोरच्या दुकानात दिला होता. तो दुकानदार सिमही विकायचा. त्या काळी झेरॉक्सवर सिम मिळत असे. दुकानदार अर्ध्या तासात पोपटासारखा बोलला. पाचोऱ्याकडच्या एका बेवड्याकडे कागद नव्हते, म्हणून त्याला नानांच्या कागदावर सिम दिलं होतं. धमकी त्याच बेवड्याची.

दुकानदार आणि तो बेवडा, दोघांची अटक आम्ही रीतसर दाखवली. पंचनामा, नोंद, घरच्यांना कळवणं, दुसऱ्या दिवशी कोर्ट. सगळं नियमाने, कारण आता लपवण्यासारखं काही नव्हतं. नानांबद्दल दिल्लीची माणसं जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "उसको छोड़ दो." नोंदच नसल्यामुळे सुटका लिहायचाही प्रश्न आला नाही.

जाताना नाना म्हणाले, "साहेब, मी तीन दिवस इथं होतो असं दोन ओळी लिहून द्या. कंत्राटदार मला गैरहजर धरतोय."

मी दिलं नाही. त्या दोन ओळी माझ्याच अंगाशी आल्या असत्या. आठ दिवसांत पंपावर दुसरा माणूस लागला. गावात मात्र 'पोलिसांनी उगीच का नेलं असेल' हे सुरू राहिलं, आणि विहार समितीचं सचिवपदही त्यांनी स्वतःच सोडलं.

त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. मी शपथेवर सांगितलं, "चौकशीसाठी बोलावलं, स्वखुशीने आले, रोज संध्याकाळी घरी गेले." डायरी माझ्या बाजूने होती, कारण ती कोरी होती. त्यांच्या बायकोने डबे आणल्याचं सांगितलं. आमच्या वकिलाने विचारलं, "डब्याची नोंद आहे का कुठे?" दावा फेटाळला गेला.

लोक म्हणतात, सरकारला वेसण घालायला संविधान आहे. खरं आहे. पण ती वेसण शेवटी एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात, फोन कानाला लावून बसलेल्या माणसाच्या हातात असते. त्याने ती सोडली तर दिल्लीला कुणी अडवत नाही. हे मला या प्रकरणाने शिकवलं, आणि मी ते फार उशिरा शिकलो. ती वेसण माझ्या हातात होती आणि मी ती सोडली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात नाना माझ्याजवळ आले. "साहेब, एक विचारू? तुम्ही आत खरं बोलला असता तर तुमचं काय झालं असतं?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. "मी मागितलेली जळगावची बदली ठरलीय. ती रद्द झाली असती. दुसरीकडे कुठंतरी टाकलं असतं."

"नोकरी गेली असती?"

"नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"एवढंच?" ते म्हणाले, आणि बायकोला घेऊन स्टँडकडे निघून गेले. मी जळगावला हजर झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.